शेवटच्या घंटेनंतरची शाळा: निवासी-अनिवासी सहशिक्षण शाळेतलं पहिलं वर्ष

दुपारी शेवटची घंटा होते आणि एकाच वर्गाचे दोन भाग पडतात. काही मुलं दप्तर पाठीला लावून बसकडे पळतात. बाकीची त्याच आवारातल्या दुसऱ्या इमारतीकडे चालू लागतात, कारण त्यांचा पलंग, कपाट आणि घरात घालायच्या चपला तिथे असतात. अशा एका शाळेत मी अकरा वर्षं मुलींचं हाउस, म्हणजे त्यांची राहण्याची इमारत आणि तिथला गट, सांभाळलं. प्रवेशाच्या वेळी पालक वर्गाबद्दल भरपूर विचारायचे: शिक्षक कसे आहेत, निकाल कसा लागतो, गणिताला किती तास. त्या घंटेपासून दिवे मालवेपर्यंत काय घडतं, हे क्वचितच कुणी विचारायचं. कुणाचं पहिलं वर्ष सुरळीत गेलं आणि कुणाचं जड, हे मात्र मी बहुतेक वेळा त्याच तासांत ठरताना पाहिलं. म्हणून या मार्गदर्शकात अभ्यासक्रम आहे, बांधाबांध आहे, पण सगळ्यात जास्त जागा त्या संध्याकाळला दिली आहे.

आधी शब्द समजून घेऊ. ‘स्वतंत्र’ शाळा म्हणजे सरकारी अनुदानावर न चालणारी, स्वतःच्या विश्वस्तांची किंवा नियामक मंडळाची. ती शुल्कावर आणि देणग्यांवर चालते आणि अभ्यासक्रम, वेळापत्रक, प्रवेशाचे निकष यांत तिला बराच मोकळेपणा असतो. ‘डे-स्कॉलर’ रोज घरून येतात, ‘बोर्डर’ आवारात राहतात. मुलगे आणि मुली एकत्र शिकतात, राहण्याची हाउसेस मात्र साधारणपणे वेगळी असतात. आज हे सगळं नेहमीचं वाटतं. इंग्लंडमधली बिडेल्स ही शाळा 1893 मध्ये सुरू झाली आणि 1898 मध्ये तिने मुलींना प्रवेश दिला, तेव्हा निवासी शाळेत मुलं-मुली एकत्र शिकवणं हे मोठं धाडस होतं.

पहिली पायरी: डे-स्कॉलर की बोर्डर?

हा निर्णय मुलाकडे बघून घ्या, घरच्या सोयीकडे बघून नाही. निवासाचे प्रकार तीन. पूर्ण निवासी मूल सत्रभर शाळेत राहतं. साप्ताहिक निवासी मूल शुक्रवारी किंवा शनिवारी घरी जातं आणि रविवारी रात्री किंवा सोमवारी सकाळी परततं. काही शाळा आठवड्यातल्या ठरावीक रात्रीच राहू देतात, त्याला फ्लेक्सी बोर्डिंग म्हणतात. प्रत्येक शाळेत तिन्ही सोयी असतीलच असं नाही.

पूर्ण निवासाचा विचार असेल तर शाळेला एक प्रश्न नक्की विचारा: शनिवारी रात्री हाउसमध्ये नेमकी किती मुलं असतात? माहितीपत्रकात बोर्डर तीनशे लिहिलेले असतात, पण त्यातले बहुतेक साप्ताहिक असतील तर शनिवार-रविवार इमारत रिकामी होते आणि मागे राहिलेल्या चार मुलांना ते रिकामेपण फार जाणवतं. पाठोपाठ दुसरा प्रश्न: त्या दोन दिवसांचं वेळापत्रक दाखवाल का? ‘मुलं विश्रांती घेतात’ असं उत्तर आलं तर आणखी खोलात विचारा.

डे-स्कॉलर असेल तर प्रवासाचे तास शाळेच्या तासांत मिळवून बघा. या शाळांचा दिवस लांब असतो. खेळ, वाद्यवृंद, नाटकाच्या तालमी हे सगळं वर्गानंतर चालतं आणि अनेक ठिकाणी ते सक्तीचं असतं. जाताना एक तास, येताना एक तास, आणि तालीम संपायला सात वाजणार असतील तर गृहपाठ कधी होणार? अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या शिफारशीप्रमाणे 13 ते 18 वयाला रोज 8 ते 10 तास झोप लागते, 6 ते 12 वयाला 9 ते 12 तास. कागदावर चोवीस तास आखा, झोपेचे तास आधी भरा आणि काय उरतं ते पाहा. हा हिशोब मांडल्यावर काही पालकांनी माझ्यासमोरच निर्णय बदलला आहे, दोन्ही बाजूंनी.

शाळा एक-दोन रात्रींचा अनुभव-मुक्काम देत असेल तर तो जरूर घ्या. परत आल्यावर ‘आवडलं का?’ असं विचारू नका. ‘रात्री शेजारच्या पलंगावर कोण होतं?’ असं विचारा. मूल नाव सांगून पुढे बोलू लागलं, तर तुम्हाला बरंच कळेल.

दुसरी पायरी: शाळा बघायला साध्या दिवशी जा

खास पाहणीच्या दिवशी सगळं घासूनपुसून ठेवलेलं असतं. शक्य असेल तर मधल्या वारी दुपारी चारनंतरची वेळ मागा. मुलं शिक्षकांशी बोलताना थांबतात की खाली बघून निघून जातात, मोठी मुलं लहानांना कशी हाक मारतात, हाउसच्या स्वयंपाकघरात किंवा बैठकीत कुणी एकटंच कोपऱ्यात बसलंय का, हे बघा. न्हाणीघर बघायला मागा. दारांना आतून कडी आहे का, आडोसा पुरेसा आहे का, गरम पाणी सगळ्यांना पुरतं का, हे विचारण्यात संकोच नको. अकरा-बारा वर्षांच्या मुलीसाठी न्हाणीघराचा आडोसा प्रयोगशाळेइतकाच महत्त्वाचा असतो.

मग हाउसच्या प्रमुखाला, म्हणजे हाउसमास्टर किंवा हाउसमिस्ट्रेसला भेटा. मुख्याध्यापकांपेक्षाही तुमचा संबंध याच माणसाशी जास्त येणार आहे. त्यांना विचारण्यासारखं:

रात्री या इमारतीत किती मोठी माणसं झोपतात आणि मुलाने त्यांना कसं उठवायचं? रात्री दोन वाजता ताप आला तर कोण येतं, घरी कधी कळवतात? मोठ्या मुलांना लहानांवर काही अधिकार आहेत का, असतील तर त्यांवर नजर कोण ठेवतं? मोबाइल कधी जमा होतो, कधी परत मिळतो? हाउसमधल्याच मोठ्या माणसाबद्दल तक्रार असेल तर मूल कुणाकडे जाणार?

शेवटचा प्रश्न पालकांना विचारायला अवघड जातो. तरीही तो विचाराच. इंग्लंडमध्ये निवासी शाळांसाठी सरकारने किमान मानकं ठरवून दिली आहेत. शाळेच्या कारभारात नसलेली एक स्वतंत्र व्यक्ती प्रत्येक बोर्डरला माहीत असावी आणि तिच्याशी थेट बोलता यावं, ही त्यांतली एक अट आहे. तुमची शाळा कुठेही असो, तिथे ही भूमिका कुणाची आहे ते विचारा. चांगल्या शाळेला हा प्रश्न खटकत नाही; त्या व्यक्तीचं नाव आणि नंबर भिंतीवर लावलेलेच असतात.

तिसरी पायरी: अभ्यासाची चौकट

यावर थोडक्यात लिहिते, कारण शाळाच याची सविस्तर माहिती देते. स्वतंत्र शाळांत देशाचा स्थानिक अभ्यासक्रम असू शकतो किंवा आंतरराष्ट्रीय. आंतरराष्ट्रीयमध्ये साधारण 14 ते 16 वयाला आयजीसीएसई हा ब्रिटिश धर्तीचा अभ्यासक्रम येतो, त्यात मुलं बरेच विषय घेतात. पुढच्या दोन वर्षांसाठी त्याच धर्तीचं ए लेव्हल असेल तर विषय बहुधा तीनच, पण खोल. आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमा असेल तर सहा विषय, त्यांतले किमान तीन वरच्या पातळीचे, शिवाय 4,000 शब्दांपर्यंतचा स्वतंत्र निबंध, ज्ञानमीमांसेचा (आपल्याला जे कळतं ते कसं कळतं याचा) एक अभ्यासक्रम आणि कला-खेळ-सेवा यांचा दीड वर्ष चालणारा भाग. एकूण गुण 45.

ज्याला आपला रस नेमका माहीत आहे त्याला ए लेव्हल मानवतं. ज्याला अजून विज्ञान, भाषा, इतिहास यांतलं काहीच सोडवत नाही आणि जो कामाची आखणी करू शकतो, त्याला आयबी. ‘कुठला चांगला?’ हा प्रश्न विचारू नका. ‘माझ्या मुलासारख्या मुलांनी इथे काय निवडलं आणि त्यांतल्या किती जणांनी मध्येच विषय बदलले?’ असं विचारा.

वर्गातला एक बदल नव्या मुलांना बिचकवतो, तो म्हणजे बोलणं. लहान वर्गांत शिक्षक सांगतात आणि मुलं लिहितात, असं फार वेळ चालत नाही. अमेरिकेतल्या फिलिप्स एक्झिटर अकॅडमी या निवासी शाळेला 1930 मध्ये एडवर्ड हार्कनेस या दानशूर गृहस्थांनी मोठी देणगी दिली. त्यातून लंबगोल टेबलाभोवती बारा-एक मुलं आणि एक शिक्षक बसून चर्चेतून शिकण्याची पद्धत तिथे रुजली, आणि नंतर अशा अनेक शाळांनी ती आपापल्या परीने उचलली. या टेबलाला मागचा बाक नसतो. आधीच्या शाळेत पहिला नंबर काढलेली मुलंही इथे पहिले काही आठवडे गप्प बसतात. मुलाला एक छोटं काम द्या: प्रत्येक तासाला एक प्रश्न घेऊन जायचं. उत्तर द्यायचं दडपण नाही, फक्त प्रश्न विचारायचा.

खेळ आणि सेवाकार्य वेळापत्रकात इतकं का, असं पालक विचारतात. त्यामागे जुना विचार आहे. कुर्ट हान या जर्मन शिक्षणतज्ज्ञांनी 1920 मध्ये जर्मनीत झालेम आणि 1934 मध्ये स्कॉटलंडमध्ये गॉर्डनस्टन ही शाळा उभी केली. डोंगर चढणं, समुद्रावर जाणं, दुसऱ्याच्या मदतीला धावणं हा त्यांच्या दृष्टीने शिक्षणाचाच भाग होता. आजच्या अनेक निवासी शाळांत हा ठसा दिसतो. त्यामुळे ‘परीक्षा जवळ आली, त्याला खेळातून सूट द्या’ अशी चिठ्ठी पाठवण्याआधी थांबा. बोर्डरसाठी तो तास दिवसातला श्वास घेण्याचा असतो.

चौथी पायरी: निघण्याआधीचा महिना

सामानाची यादी शाळा देते. तिच्यापेक्षा जास्त काही पाठवू नका. प्रत्येक वस्तूवर नाव हवं, मोज्यांच्या प्रत्येक जोडीवरही, कारण धुलाईघरात सगळे पांढरे मोजे सारखेच दिसतात. औषधं मुलाच्या बॅगेत ठेवू नका. डॉक्टरांच्या चिठ्ठीसह थेट मेट्रनच्या (हाउसमधल्या मुलांचे कपडे आणि तब्येत बघणाऱ्या बाईंच्या) किंवा परिचारिकेच्या हातात द्या. मूल अंथरूण ओलं करत असेल, झोपेत चालत असेल, अंधाराला घाबरत असेल, तर तेही मेट्रनला आधीच सांगा. पालक ही गोष्ट लाजेपोटी लपवतात आणि मूल ते गुपित एकटं सांभाळत बसतं. आधी कळलं तर मेट्रन कुणाच्या लक्षात न येता चादर बदलते. आम्ही हे कित्येकदा केलं आहे.

या महिन्यात घरी सराव करून घ्या: गजर लावून स्वतः उठणं, पलंग आवरणं, मळके कपडे वेगळे काढणं, ओला टॉवेल वाळत घालणं, उद्याचं दप्तर आज भरणं. आणि एक सराव सगळ्यांत कामाचा: अनोळखी मोठ्या माणसाला मदत मागणं. दवाखान्यात डॉक्टरांना त्रास मुलालाच सांगू द्या, वाचनालयात पुस्तक त्यालाच मागू द्या. जे मूल ‘मला हे कळलं नाही’ असं म्हणू शकतं, ते पहिल्या आठवड्यात तगतं.

एखाद्या नातेवाइकाकडे दोन-तीन रात्री, तुमच्याशिवाय, राहायला पाठवा.

पाचवी पायरी: सोडायला जाण्याचा दिवस

सामान लावा, पलंग मुलासोबत मिळून घाला, शेजारच्या पलंगावरच्या मुलाची आणि त्याच्या पालकांची ओळख करून घ्या. मग निघा. निरोप लांबवला की मुलाला पहिल्या संध्याकाळच्या कार्यक्रमात शिरता येत नाही आणि तोवर बाकीच्यांची गट्टी जमू लागलेली असते.

एक वचन चुकूनही देऊ नका: ‘नाही आवडलं तर मी लगेच येऊन घेऊन जाईन.’ प्रेमाने दिलेलं हे वचन मुलाचं मन दारापाशी अडकवून ठेवतं. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअॅट्रिक्सने 2007 मध्ये घरच्या ओढीवर जे वैद्यकीय मार्गदर्शन प्रसिद्ध केलं, त्यातही असा सौदा करू नये असं स्पष्ट सांगितलं आहे. त्याऐवजी खरं सांगा: ‘घरची आठवण येईल, सगळ्यांनाच येते. आली की मेट्रनकडे जा. अमुक तारखेला मी येणार आहे.’ तारीख ठरलेली असू द्या आणि ती पाळा.

सहावी पायरी: पहिले सहा आठवडे

माझ्या हाउसमध्ये एक मुलगी रोज रात्री पावणेनऊला रडायची. दिवसभर हसतखेळत असायची. आठवडाभरानंतर माझ्या लक्षात आलं की साडेआठला तिच्या आईचा फोन यायचा, आणि फोन ठेवल्यावर दिवे मालवेपर्यंत तिला करायला काहीच नसायचं. आम्ही आईला विनंती करून फोन दुपारच्या खेळानंतर, संध्याकाळच्या अभ्यासाच्या आधी घ्यायला सुरुवात केली. फोन झाला की अभ्यास, मग जेवण, मग मैत्रिणी. चार-पाच दिवसांत रडणं ओसरलं. आईचं प्रेम जितकं होतं तितकंच राहिलं. फोनची वेळ तेवढी बदलली.

म्हणून फोनची वेळ हाउसशी बोलून ठरवा, झोपायच्या अगदी आधीची नको. पहिला प्रश्न ‘बरी आहेस ना?’ असा काळजीचा नको. ‘आज कुणाबरोबर जेवलीस?’ असं विचारा. मूल रडलं तर ऐकून घ्या, लगेच उपाय सुचवू नका. फोन ठेवल्यावर हाउसला दोन ओळी लिहा: ‘आज बोलताना खूप रडली, जरा बघाल का?’ बरेचदा उत्तर येतं की आत्ता टेबल टेनिस खेळतेय. मुलं दुःख आईबाबांकडे सांडतात आणि मोकळी होऊन जातात. ते दुःख रात्रभर आपल्याच उशाशी राहतं.

पण प्रत्येक रडण्याला घरची ओढ समजू नका. घरच्या ओढीत चांगले तास असतात, ती संध्याकाळी आणि रविवारी वाढते आणि आठवड्यागणिक थोडी कमी होते. मूल एका विशिष्ट जागेला, माणसाला किंवा वेळेला टाळत असेल, वस्तू सारख्या हरवत असतील, जेवण किंवा झोप तुटली असेल, फोनवर अचानक एकेका शब्दात उत्तरं येत असतील, तर ते वेगळं आहे. अशा वेळी वाट पाहू नका. त्याच दिवशी हाउसशी बोला, काय दिसलं ते तारखेसह लिहून पाठवा आणि शाळा काय करणार हे लेखी मागा.

सातवी पायरी: प्रेप

संध्याकाळच्या नेमून दिलेल्या अभ्यासाला प्रेप म्हणतात. लहान वर्गांना साधारण तासभर, मोठ्यांना दोन किंवा अधिक. मोबाइल जमा, जागा ठरलेली, देखरेखीला एक शिक्षक. बोर्डरचा मोठा फायदा इथेच आहे: अभ्यास कधी करायचा यावर रोज वाद नाही. मात्र प्रेपमध्ये बसणं म्हणजे अभ्यास होणं असं नाही. नवी मुलं आवडता विषय आधी घेऊन बसतात आणि घंटा वाजते तेव्हा अवघड गणित तसंच राहिलेलं असतं. मी मुलींना सांगायचे: पहिली वीस मिनिटं नकोशा विषयाला. अडलं तर त्याच वेळी हात वर करा, शिक्षक त्यासाठीच तिथे बसलेले असतात.

डे-स्कॉलरचा प्रश्न उलटा असतो. तो थकून घरी पोहोचतो आणि बोर्डर मित्र एकत्र अभ्यास करत असताना एकटाच बसतो. अनेक शाळा डे-स्कॉलरना प्रेपसाठी थांबू देतात. आठवड्यातून दोन दिवस तरी थांबवा. अभ्यास उरकतो हे एक, आणि दुसरं म्हणजे उद्या सकाळी वर्गात ज्या गोष्टीवर सगळे हसत असतील, ती त्यालाही माहीत असते. डे-स्कॉलरला खरी टोचणी याचीच लागते: रात्री काहीतरी घडलेलं असतं आणि तो तिथे नसतो. त्याला हाउसमध्ये स्वतःचं कपाट आहे का, हाउसच्या संघात त्याला खेळवतात का, हे विचारा. सुट्टीच्या दिवशी एखाद्या बोर्डरला परवानगी काढून घरी बोलवा. दूरच्या मुलाला घर मिळतं आणि तुमच्या मुलाला वर्गातली जागा.

आठवी पायरी: मुलं-मुली एकत्र

आधी फक्त मुलांच्या किंवा फक्त मुलींच्या शाळेत शिकलेल्यांना पहिले काही दिवस अवघडल्यासारखं होतं. प्रयोगशाळेत जोडीदार, नाटकात सहकलाकार, वादविवादात प्रतिस्पर्धी म्हणून रोज भेट होऊ लागली की ते अवघडलेपण आपोआप निवळतं. नियम मात्र नीट वाचून घ्या: कुणाच्या हाउसमध्ये कुठपर्यंत जाता येतं, कितीपर्यंत, दारं उघडी ठेवायची का. मुलाशी घरी स्पष्ट बोला: संमती म्हणजे काय, नाही म्हटलं की थांबायचं, कुणाचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही आणि पुढे पाठवायचा तर नाहीच. हे शाळा शिकवेल असं गृहीत धरू नका. शाळाही शिकवते, पण तुमच्या तोंडून ऐकलेलं पक्कं राहतं.

नववी पायरी: कुणाशी काय बोलायचं

कपडे, तब्येत, औषधं मेट्रनशी. मन, मैत्री, झोप, शिस्त हाउसमास्टरशी. एकूण प्रगती ट्यूटरशी. तो ठरावीक मुलांचा पालक-शिक्षक असतो आणि आठवड्यातून एक-दोनदा त्यांना भेटतो. एका विषयातली अडचण त्या विषयशिक्षकाशी. मुख्याध्यापक सगळ्यांत शेवटी, पण सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर थेट बालसुरक्षा अधिकाऱ्याकडे जा, पायऱ्या चढत बसू नका. एका मेलमध्ये एकच विषय लिहा. आणि मुलाला आधी स्वतः बोलायची एक संधी द्या.

प्रवेशाचा करारही एकदा शांतपणे वाचा. शाळा सोडायची किंवा बोर्डरचं डे-स्कॉलर करायचं असेल तर स्वतंत्र शाळा साधारणपणे पूर्ण एका सत्राची लेखी पूर्वसूचना मागतात. ती दिली नाही तर त्या सत्राचं शुल्क द्यावं लागू शकतं. पालक परदेशात असतील तर बऱ्याच शाळा जवळ राहणारा स्थानिक पालक नेमायला सांगतात. हे नाव नुसतं कागदावर नको. मधल्या सुट्टीत मूल खरोखर त्याच घरी जाणार असतं.

पहिली मोठी सुट्टी

मूल घरी येतं आणि पहिले दोन-तीन दिवस नुसतं झोपतं. झोपू द्या. नंतर ते थोडं परकं वाटतं: जेवण झाल्यावर ताट आपलं आपण उचलतं, तुम्हाला माहीत नसलेल्या नावांबद्दल बोलतं, भावंडाने वस्तूंना हात लावला की चिडतं. त्याची खोली होती तशी ठेवा, दुसऱ्या कामाला घेऊ नका. पाहुण्यांच्या भेटी पहिल्या आठवड्यात भरू नका. प्रगतिपुस्तक तिसऱ्या-चौथ्या दिवशी, मुलासोबत बसून वाचा. गुणांच्या आधी हाउसमास्टरने लिहिलेला परिच्छेद वाचा.

परत जायच्या आदल्या रात्री पोटात दुखतं. पहिल्या सत्रापेक्षा दुसऱ्याच्या आदल्या रात्री ते जास्त दुखतं, कारण आता कशापासून दूर जायचंय हे मुलाला ठाऊक असतं. हाउसला आधी कळवून ठेवा, म्हणजे मेट्रन दारातच भेटेल. बॅग मुलालाच भरू द्या. मोज्यांवरची नावं मात्र तुम्ही एकदा तपासा, धुलाईघरात ती पुसट झालेली असतात.